वाळू, ससे आणि आपला आपण हिशेब

एडिंबरोहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी फोर्थच्या खाडीवरील लाल लोखंडी पूल ओलांडते आणि सुमारे तासाभरात ल्यूकर्स नावाच्या लहानशा स्थानकावर येऊन थांबते. तेथून सात-आठ किलोमीटरवर, उत्तर समुद्राला खेटून, सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडमधील जुने गाव वसलेले आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेले विद्यापीठ, भग्न पण भव्य कॅथेड्रल आणि दगडी घरांचे शांत रस्ते एवढ्यावरही हे गाव प्रवाशाला आवडले असते. परंतु जगाच्या पाठीवरून लोक येथे येतात ते मुख्यतः गोल्फसाठी. ज्या मैदानाच्या दर्शनासाठी ते येतात, त्याचे नाव ओल्ड कोर्स.

रविवारी येथे पोहोचणारा नवखा प्रवासी मात्र चक्रावून जातो. ज्या हिरवळीवर पाऊल ठेवण्यासाठी श्रीमंत लोक महिनोन्‌महिने आधी धडपड करतात, त्याच हिरवळीवर आजोबा नातवंडांना फिरवीत असतात, कुत्री धावत असतात आणि एखादे कुटुंब शिदोरी सोडून निवांत बसलेले असते. मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी, असे या मैदानाचे जुने रखवालदार आणि नामांकित खेळाडू टॉम मॉरिस यांचे म्हणणे असल्याचे सांगतात. साप्ताहिक सुट्टी मिळणारे असे मैदान क्वचितच आढळेल.

अशी मोकळीक येथे आहे, कारण ही जागा कोणा एका क्लबची खासगी मालमत्ता नाही. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये जी वालुकामय, आखूड गवताची पट्टी असते, तिला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. तेथे पीक येत नाही. म्हणून ती मेंढ्यांना, सशांना आणि रिकामा वेळ असलेल्या माणसांना मोकळी सोडलेली असे. उत्पन्नाच्या रकान्यात जवळजवळ शून्य असलेल्या अशा जमिनीवर गोल्फ हा खेळ वाढला. तो इतका वाढला की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात स्कॉटिश पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोहोंवर बंदी घातली. तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात, ही त्यामागची तक्रार. आजच्या गृहिणींची रविवार सकाळची तक्रार याहून फारशी वेगळी नसते.

पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांना या लिंक्सवर सशांची पैदास करायची होती. त्या वेळी झालेल्या दस्तऐवजात गावकऱ्यांचा तेथे गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा हक्क लेखी मान्य करण्यात आला. ज्या कागदाचे मूल्य त्या दिवशी कोणाला फारसे वाटले नसेल, तो कागद गावाने जपला आणि पुढे अडीचशे वर्षांनी त्याचे महत्त्व सर्वांना कळले. १७९७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या नगरसभेचे दिवाळे वाजले आणि लिंक्स विकावी लागली. काही काळातच ती डेम्पस्टर या व्यापारी कुटुंबाकडे आली. त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने जमिनीकडे पाहिले आणि सशांचे पालन हा किफायतशीर धंदा ठरवला. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नव्हते. पण सशांना करारनामे वाचता येत नाहीत. त्यांनी खेळाच्या जागेवर मनसोक्त बिळे खणली, आणि चेंडू भोकात जाण्याऐवजी बिळात जाऊ लागले.

खेळाडू विरुद्ध ससेपालक हा तंटा न्यायालयापर्यंत पोहोचला आणि सुमारे वीस वर्षे रेंगाळला. दोन्ही पक्ष अखेरपर्यंत सुखरूप राहिले. प्राण गेले ते बिचाऱ्या मुक्या सशांचे. १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने, जो स्वतः गोल्फचा शौकीन होता, ती जमीन विकत घेऊन या वादावर पडदा टाकला. पुढे १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने लिंक्स पुन्हा गावाच्या मालकीची झाली. कर्जापायी गेलेली सार्वजनिक जागा जवळजवळ शंभर वर्षांनी गावाच्या खात्यावर परत जमा झाली. आज तेथे एकूण सात मैदाने असून सर्वांची व्यवस्था एक विश्वस्त संस्था पाहते.

येथे खेळण्यासाठी बडे असणे आवश्यक नाही. मात्र नशीब लागते. ओल्ड कोर्सवरील बऱ्याच वेळा सोडतीने दिल्या जातात, आणि सोडतीत नाव निघाल्याच्या आनंदात माणूस एक गोष्ट विसरतो. आता प्रत्यक्ष खेळायचे असते! पहिला फटका मारण्याची जागा रॉयल अँड एन्शंट या जगप्रसिद्ध गोल्फ क्लबच्या इमारतीच्या अगदी समोर आहे. खिडक्यांतून कोणी पाहत असते, कुंपणाला टेकून पर्यटक उभे असतात. पहिल्या आणि अठराव्या होलचे मैदान जोडून असल्याने समोरचा पट्टा इतका रुंद आहे की चेंडू बाहेर घालवणे हेच कौशल्याचे काम वाटावे. तरीही हौशी खेळाडूचे गुडघे लटपटतात. त्याने १९९५ सालची ओपन स्पर्धा आठवावी. १९९१ चे विजेते इयान बेकर-फिंच यांनी याच जागेवरून मारलेला चेंडू शेजारच्या अठराव्या होलचे सबंध मैदान ओलांडून डावीकडच्या हद्दीबाहेर गेला होता. एवढ्या मोठ्या माणसाचे असे झाले, हे कळल्यावर सामान्य खेळाडूच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.

पहिल्या फटक्यानंतरही अडचणी संपत नाहीत. या मैदानावरून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा सार्वजनिक रस्ता जातो. तेथून समुद्राकडे निघालेली मंडळी, कधी एखादी मोटार, निवांतपणे पलीकडे जाईपर्यंत खेळाडूला काठी खांद्यावर टाकून थांबावे लागते. १८ होलांसाठी येथे ग्रीन मात्र ११ आहेत. कारण सात ग्रीन दोन-दोन होलांत वाटून घेतलेली आहेत. गंमत अशी की त्या जोड्यांतील क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, याप्रमाणे आठवा आणि दहावापर्यंत. ताळेबंद जुळावा तशी ही बेरीज जुळते, पण हौशी खेळाडूचा फटका त्याच ग्रीनवरील भलत्याच झेंड्याकडे जातो आणि मग त्याला चेंडू भोकापर्यंत नेण्यासाठी एखाद्या मंगल कार्यालयाच्या लांबीएवढे अंतर ढकलावा लागतो.

मैदानावर ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे आहेत. त्यांपैकी अनेकांना नावे आहेत आणि नावांवरूनच त्यांची कीर्ती कळते. एक आहे नरक, काही आहेत शवपेट्या, तर एकाचे नाव आहे प्राचार्यांचे नाक. सतरावा होल तर त्याहून वरताण. तेथे पहिला फटका शेजारच्या हॉटेलच्या आवारातील शेडवरून मारावा लागतो, आणि हॉटेलच्या भिंतींनी आजवर किती चेंडू झेलले याची गणती नसावी. त्याच ग्रीनच्या डाव्या बाजूस एक खोल बंकर दबा धरून बसलेला आहे. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा यांचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. तिसऱ्या फटक्याला तो घरंगळत बंकरात गेला, तेथून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलची बेरीज नऊ झाली. तेव्हापासून या वाळूला विनोदाने नाकाजिमांचे नाव लावले जाते.

चेंडू हरवणे हा हौशी खेळाडूच्या आयुष्यातील नित्याचा प्रसंग. कडेच्या काटेरी पिवळ्या झुडपांत तो शिरला की नियमानुसार शोधण्यासाठी फक्त तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत असत. या तीन मिनिटांत माणसाचा स्वभाव कळतो. कोणी स्वतःचा चेंडू शोधता शोधता दुसऱ्याचे तीन जुने चेंडू गोळा करतो आणि फटका गमावला तरी व्यवहारात फायदा झाल्याचे समाधान मानतो. कोणी वाऱ्याला दोष देतो, कोणी नव्या काठीला. नियमाप्रमाणे पिशवीत १४ काठ्या चालतात. त्यामुळे दोष देण्यासाठी विपुल माल हाताशी असतो.

पण याच झुडपात आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तेथे हसणे थांबते. झुडपाआड कोणीही पाहत नाही. चेंडू पायाने चार बोटे सरकवला तर कळणार कोणाला? इतर बहुतेक खेळांत पंच डोळ्यांत तेल घालून उभा असतो. हौशी गोल्फमध्ये पंच नसतोच. झालेले फटके खेळाडूने स्वतः मोजायचे, दंड स्वतःच लावायचा. स्पर्धा असेल तर सोबतचा खेळाडू आकडे लिहितो आणि शेवटी दोघेही कार्डावर सही करतात. पण झुडपाआड काय घडले ते तो तरी कसे लिहिणार? नोंद आणि तपासणी ही दोन्ही कामे ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोपवलेली असतात.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे बॉबी जोन्स यांचे. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये फटका मारण्याच्या तयारीत असताना आपला चेंडू किंचित हलला, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. तरीही त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. त्यामुळे बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत विजेतेपद हातचे गेले. लोक कौतुक करू लागले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून एखाद्याची वाहवा करावी तसे हे आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. हेच जोन्स १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला आले असता वैतागून फेरी अर्धवट सोडून गेले होते. पुढे १९२७ मध्ये त्यांनी याच मैदानावर ओपन जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्यांना मानद नागरिकत्व बहाल केले. एका वाईट दिवसामुळे गावाने त्यांचे खाते बंद केले नाही.

हौशी खेळाडूंच्या जगात हँडिकॅप ही एक पतच असते. चांगल्या आणि सामान्य खेळाडूला बरोबरीने खेळता यावे म्हणून कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट मिळते. ही सूट त्याने स्वतः नोंदवलेल्या जुन्या आकड्यांवरून ठरते. येथे खोटेपणाची दिशाच उलटी आहे. बाजारात माणूस पत वाढवून सांगतो. येथे काही चतुर लोक आपला खेळ मुद्दाम कच्चा दाखवतात, म्हणजे सामन्यात जास्त सूट मिळावी. अशांना बक्षीस मिळते, परंतु पुढच्या वेळी त्यांच्या जोडीला कोणी येत नाही. व्यापारी कुटुंबांना या शिक्षेचे वजन वेगळे सांगायला नको.

ज्याला सोडत, हँडिकॅप आणि बंकर यांपैकी काहीच नको, त्याच्यासाठी ओल्ड कोर्सच्या शेजारीच एक जागा आहे. तिचे नाव ऐकून भारतीय प्रवासी हमखास थांबतो. ते नाव आहे हिमालय! चढउतारांनी भरलेले हे विस्तीर्ण ग्रीन १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या क्लबचे आहे. स्त्रियांनी खांद्याच्या वर काठी उचलून फटका मारणे त्या काळी अशोभनीय मानले जाई. म्हणून त्यांना फक्त चेंडू हलकेच ढकलण्याचा खेळ दिला गेला. त्यांनी तो इतक्या जिद्दीने जोपासला की आज दीडशे वर्षांनंतरही तेथे गर्दी असते. शेजारच्या रॉयल अँड एन्शंट क्लबला महिलांसाठी सभासदत्व खुले करायला मात्र २०१४ साल उजाडावे लागले. हिमालयावर थोड्याशा शुल्कात कोणालाही खेळता येते. सहा वर्षांची नात सहज चेंडू भोकात घालते आणि आजोबांचा चेंडू टेकडी चढून पुन्हा त्यांच्याच पायाशी येतो. अशा वेळी आजोबांनी किती फटके सांगितले, हे नात बोटांवर मोजत असते. या वयातील हिशेबतपासनीस फार कडक असतात.

उन्हाळ्यात येथे रात्री दहाच्या सुमारासही उजेड रेंगाळतो. शेवटची जोडी स्विल्कन ओढ्यावरील छोटा दगडी पूल ओलांडते, पुलावर थांबून छायाचित्र काढते आणि अठराव्या ग्रीनकडे येते. कुंपणापाशी दोन-चार अनोळखी माणसे उभी असतात. सामान्य खेळाडूने शंभराहून अधिक फटके घेतलेले असतात, दोन चेंडू झुडपात सोडलेले असतात. तो खिशातून छोटी पेन्सिल काढतो, सतराव्या होलपुढे आठ लिहावेत की नऊ यावर क्षणभर थबकतो, आणि नऊ लिहितो.