खताचा दम

गांडूळ खतात जिवाणू किती कामाला लागलेत हे मोजायचं, तर आधी त्यातली गांडुळं काढायची, हे बाबांना काही केल्या पटेना. पण गांडूळही श्वास घेतं. त्याचा कार्बन डायऑक्साइड जिवाणूंच्या हिशेबात मिसळतो. म्हणून रिसोड तालुक्यातल्या आमच्या वावरात, शेडखाली बसून मी पांढुरकी पिल्लं आणि दोन्ही टोकांना निमुळते कोष चिमट्याने वेचत असे. कल्चर करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रातलं. बेडात शेण आणि सोयाबीनचं कुटार; वाशिमकडे कुटाराला काय तोटा!

पद्धत जुनीच. ओलसर खत हवाबंद बरणीत, त्यातच लहान बाटलीत मोजून घेतलेलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण. २४ तास ते वायू शोषतं. मग बेरियम क्लोराइड टाकलं की पांढरा साका, फिनॉल्फ्थॅलिन टाकलं की गुलाबी रंग, आणि तो जाईपर्यंत ब्युरेटमधून थेंबथेंब आम्ल. शेवटचे थेंब फार दगाबाज. रंग गेला म्हणावं, तर हलवल्यावर हजर! जोडीला बिनखताची बरणी हवीच. तिच्यापेक्षा ०.१ नॉर्मल आम्ल १ मिली कमी लागलं, म्हणजे २.२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

आकडे आले आणि घरात वाद पेटला. अर्धकच्च्या बेडाचा आकडा भरघोस, चहापत्तीसारख्या तयार खताचा कमी.

"म्हंजे चांगलं खत मेलं काय?" बाबा म्हणाले.

मेलं नव्हतं, पिकलं होतं. कच्च्या मालात पचायला सोपं खाद्य उरलेलं असतं, म्हणून जिवाणू धापा टाकतात. ते पेरणीत दिलं तर रोपाच्या वाट्याचं नत्र तेच ओढतात. आकडा मोठा तितकं खत चांगलं, हे जाहिरातवाल्यांचं गणित.

खरी गंमत वाळलेल्या खताची. टिनाखाली खडखडीत झालेल्या खताचा आकडा जवळपास शून्य. पाणी शिंपडलं तर तयार ओल्या खतालाही मागे टाकून उसळला, आणि काही दिवसांत उतरला. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये मातीबद्दल हेच दाखवलं होतं. पहिल्या पावसात वावरातही हेच घडतं. तेव्हापासून एका दिवसाच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. खत ओलावून, थोडे दिवस मुरवून मगच मोजतो.

"मंग इकत घेतानी ओलं घ्याचं का कोरडं?" बाबांनी मुद्द्याला हात घातला. खत नियंत्रण आदेशात १५ ते २५ टक्के ओलावा सांगितलाय, मी म्हणालो.

"पंचवीस टक्के? म्हंजे पोत्यामागं पाव पोतं पाण्याचेच पैसे!"