उंबर फोडून पाहताना

माघ सरत आला की मी पिशवीत भिंग टाकून डोंगरावर जाऊ लागते. बेलापूर आणि खारघर यांच्यामधला हा डोंगर नवी मुंबईकरांना पावसाळ्यात आठवतो, पांडवकडा कोसळू लागला की. फाल्गुनात तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. गवत वाळून कडकडीत झालेले, ओढे कोरडे, पायवाटेवर घोट्याएवढी धूळ आणि बहुतेक झाडे उघडीबोडकी. शेवटची सर पडून चार-पाच महिने उलटलेले आणि पुढची यायला अजून तीन महिने. नेमक्या याच दिवसांत आपल्या कोकणात वसंत येतो.

थंड मुलखातला वसंत बर्फ वितळून पाणी मोकळे झाले की येतो. आपला येतो तो पाणी संपत आल्यावर. बत्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, पण या एका गोष्टीपुढे माझे हात आजही आपोआप जोडले जातात. घरात धान्य सरत आलेले असताना ज्याने दारात सडा-रांगोळी घातली, सनई लावली, तो यजमान कोण असेल?

यजमानाने शिल्लक राखलेली असते, हे पुढे अभ्यासाने कळले. पान म्हणजे झाडाचा सगळ्यात मोठा पाण्याचा खर्च. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून दिवसभर वाफ उडत राहते. झाड पाने टाकून देते तेव्हा तो खर्च थांबतो. मुळे खोलवरची ओल हळूहळू वर ओढत राहतात, खोड पुन्हा भरते आणि त्या शिलकीवर कळ्या उमलतात. काटेसावरीचे लाकूड इतके मऊ आणि हलके का, याचे एक उत्तर इथे आहे: ते पाणी साठवणारे लाकूड आहे. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात, हा वरचा लाभ.

घाई मात्र पावसामुळे. पळसाच्या चपट्या शेंगेत एकच बी असते, तेही टोकाला. बाकीची शेंग म्हणजे नुसते पंख. वैशाखाच्या वाऱ्यावर ती भिरभिरत जाऊन पडली, तर पहिल्या पावसात रुजायला वेळेवर पोचते. सावरीचा कापूसही त्याच वाऱ्यावर उडतो. मृगाला बी जमिनीवर हवे, तर फूल फाल्गुनात हवे. पंचांग उलटे मोजत आणले आहे.

इथवर हिशेब झाला. हिशेब चोख असणे म्हणजे प्रतिभा नव्हे. प्रतिभेची ओळख मला संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्टतौताच्या व्याख्येने पटते: जिच्यातून सतत नवे नवे उन्मेष फुटत राहतात अशी प्रज्ञा. उन्मेष म्हणजे उमलणेही. ही व्याख्या कवींसाठी केली गेली, पण फाल्गुनातल्या डोंगरावर ती मला शब्दश: खरी दिसते. इथल्या प्रत्येक झाडापुढे प्रश्न एकच आहे: मी जागचे हलू शकत नाही, माझा पराग दुसऱ्या झाडापर्यंत कसा जाईल? आणि एकाच उतारावर, हाकेच्या अंतरावर, या प्रश्नाची उत्तरे इतकी वेगवेगळी आहेत की रचणाऱ्याला स्वतःचीच नक्कल करणे ठाऊक नसावे.

पळसाचेच घ्या. काळपट मखमली पेल्यातून बाहेर पडणारी ती केशरी चोच. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ असे विचारणारे नाव. पण चोच नुसती शोभेची नाही. दोन पाकळ्या मिळून ती नाव झाली आहे आणि पुंकेसर व स्त्रीकेसर तिच्या आत मिटून ठेवले आहेत. सूर्यपक्षी किंवा साळुंकी मधासाठी चोच खुपसते, नाव दबते, आतले केसर बाहेर येते आणि पक्ष्याला पराग लागतो. पक्षी उडाला की नाव पुन्हा मिटू लागते. पक्ष्यांना लाल-केशरी चटकन दिसतो, म्हणून पळस, पांगारा आणि सावर तिघांनीही तोच रंग निवडला. पण एकाने चोच घडवली, दुसऱ्याने तुरा, तिसरीने उघडा मांसल पेला, ज्यात खारीसुद्धा तोंड घालते.

वावळ पक्षी-कीटक कोणालाच बोलावत नाही. त्याची बारीक हिरवट फुले सगळे वाऱ्यावर सोपवतात. मोहाची फुले रात्री उमलतात, वटवाघळे येतात, आणि पहाटे झाडाखाली गोड मांसल पाकळ्यांचा सडा पडलेला असतो; ठाकर आणि कातकरी माणसांना तो माझ्या कितीतरी आधी ठाऊक आहे.

चैत्र ओलांडल्यावर बहावा येतो. त्याच्या सोनेरी घोसांपुढे माणसे मोबाइल घेऊन उभी राहतात. मी म्हणते, एकच फूल हातात घ्या. दहा पुंकेसरांत तीन लांब आणि डौलात वळलेले आहेत, बाकीचे आखूड. या फुलात मध नाही, जे द्यायचे ते परागच. मोठा काळा भुंगा आखूड केसरांना धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, गुणगुण ऐकू येते, पराग झडतो आणि तो त्याचे जेवण होते. त्याच वेळी लांब केसर त्याच्या पाठीमागच्या बाजूला, जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत तिथे, दुसरा पराग लावून ठेवतात. तो पुढच्या फुलासाठी. पाहुण्याचे ताट वेगळे आणि त्याच्याबरोबर धाडायचा निरोप वेगळा. रस्त्याच्या कडेला गुलमोहर कितीही फुलोत, मादागास्करच्या त्या पाहुण्याविषयी माझ्या मनात आकस नाही. पण नव्या वसाहतींत बहावा आणि आपले राज्यपुष्प ताम्हण यांना अधिक जागा मिळावी, असे मला कळकळीने वाटते.

आता उंबर. ‘उंबर फोडून केंबरे उडवणे’ असा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. झाकलेले उगाच उकरून काढू नये, या अर्थाने तो वापरतात. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून उंबरच फोडून घेतले. दुर्मीळ माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, आणि इथे तर प्रत्येक उंबरात शेकडो फुले आहेत, फक्त आत. ज्याला आपण फळ म्हणतो ती आतून फुलांनी मढवलेली बंद कुपी आहे. तिच्या टोकाला खवल्यांनी झाकलेले बारीक छिद्र असते. त्यातून केंबऱ्याची मादी, दीड-दोन मिलिमीटरची माशी, अंग घासत आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. बाहेर येण्याचा विचारच नाही. सोबत आणलेला पराग ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही फुलांत बी धरते, काहींत तिची पिल्ले वाढतात. वाटणी ठरलेली. आधी बिनपंखी नर बाहेर पडतात, माद्यांशी मीलन होते, ते कुपीच्या भिंतीला भोक पाडतात आणि उजेडात जगण्याआधीच मरतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने निघतात. त्यांच्याकडे एखाद-दोन दिवसांचे आयुष्य असते आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतला दुसरा उंबर गाठायचा असतो, फक्त वासावरून. पिंपळाची माशी वेगळी, वडाची वेगळी. ही भागीदारी काही कोटी वर्षे जुनी आहे.

हे सगळे उत्क्रांतीने घडले. मी ते वर्गात शिकवले आणि मला ते खरे वाटते. मी देवही मानते, आणि या दोन गोष्टींची माझ्या मनात कधी झुंज लागली नाही. निवडीच्या अगणित पिढ्यांतून पळसाची चोच घडली हे कळले, तेव्हा मला घडवणाऱ्याची कामाची रीत कळली, त्याचा अफाट धीर कळला. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत वृक्षांमध्ये अश्वत्थ आणि ऋतूंमध्ये वसंत ही आपली रूपे सांगतात. फाल्गुनात आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या भेगेत उगवलेल्या पिंपळाला तांबूस, ओलसर चमकीची पालवी फुटते, तेव्हा ती दोन्ही रूपे एका वीतभर फांदीवर दिसतात. तो तांबूस रंगही कामाचा आहे. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून तो आडोसा देतो. कर्नाळ्याच्या जंगलात कुसुंबाची लालभडक पालवी पाहून पुष्कळ जण तिला फुलेच समजतात.

या ऋतूत एक दु:खही ठरलेले असते. डोंगरावर वणवे लागतात, बहुतेक माणसाच्या हातून. गेल्या मार्चमध्ये माझ्या नेहमीच्या उतारावर गेले तेव्हा गुडघ्याएवढी करवंदीची जाळी, पक्ष्यांची घरटी, सगळे राख झाले होते. पळसाची जाड साल निम्मी काळी पडली होती. वरच्या फांदीवर फुले होती. एक बुलबुल त्यांत डोके घालत होता आणि दर वेळी बाहेर काढलेल्या चोचीभोवती पिवळी धूळ दिसत होती.

उतरताना ओढ्याकाठच्या उंबराशी थांबले. सोबत शेजारची आठ वर्षांची मुलगी होती. ‘आजी, हे दत्ताचे झाड ना? मग त्याची फळे फोडायची?’ तिने विचारले. मी म्हटले, नमस्कार कर आणि फोड. तिने दोन्ही केले. आतून चार-पाच केंबरी निघाली. एक तिच्या नखावर चढली, पुढचे पाय तोंडावरून फिरवत बसली. मी भिंग दिले. तिने श्वास रोखून पाहिले, मग भिंग न हलवता कुजबुजली, ‘हिला पंख आहेत.’ तेवढ्यात वारा आला आणि नख रिकामे झाले. ती खाडीच्या दिशेने हात डोळ्यांवर धरून बराच वेळ उभी होती, मीही.