मोसंबीखालचं खटलं

जालन्यात कुणी मोसंबीची बाग दाखवायला नेलं की पाहुणा वरच बघतो. फळ केवढं झालं, व्यापाऱ्यानं काय भाव लावला. तुम्ही जरा खाली बघा. तिथे एक मोठं खटलं नांदतंय. लोक त्याला तण म्हणून मोकळे होतात, पण त्यातल्या एकेकाचा स्वभाव ओळख करून घेण्यासारखा आहे.

थोरली हरळी. भाद्रपदात गणपतीपुढे मानानं बसते, महालक्ष्म्यांसाठी आघाड्यालाही बोलावणं येतं. एरवी वर्षभर दोघांनाही शिव्या. हरळीला त्याचं काही नाही. रोटाव्हेटर फिरला की ती खूशच असते, कारण तुटलेल्या तुकड्याच्या पेरापेरातून नवी हरळी उठते. लव्हाळा तिच्याच वळणाचा, पण आतल्या गाठीचा. वर चार पाती, खाली गाठींची माळ. माळ तुटली की प्रत्येक गाठ वेगळा संसार थाटते. दरसाल रोटाव्हेटर फिरणाऱ्या बागेत म्हणूनच नाजूक मंडळी परागंदा होतात आणि हे दोघं राज्य करतात.

केना दिसायला गरीब. सकाळी इवलंसं निळं फूल उघडतो, दुपारपर्यंत मिटून टाकतो. अलगद उपटून बुंध्याशी बघा: मातीत शिरलेले पांढरे कोंब आणि त्यांवर कधीच न उघडणारी फुलं. ती तिथेच, अंधारात, बी धरतात. वरचं सगळं खुरपून नेलं तरी पुढच्या वर्षाची बेगमी जमिनीत असते. ग्लायफोसेट या तणनाशकालाही हा सहजी दाद देत नाही. सारखी तणनाशकाची फवारणी करा, शेजारीपाजारी जातात आणि जागा केन्याला मिळते.

गाजर गवत या खटल्यातलं नव्हे. 1955च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, आणि आता पांढरी फुलं मिरवत मालकासारखं वावरतं. अंगाला खाज सुटते, कुणाला दम्याचा त्रास होतो. त्याला आवर घालतो तो तरोटा, दाटी करून.

खटलं पुरतं भेटतं ते जिथे फक्त आळी खुरपतात आणि ओळींमधलं गवत कापून ठेवतात तिथे. स्पेनच्या अंदालुसियात ऑलिव्हच्या बागांतही माती वाहून जाऊ नये म्हणून ओळींमधलं गवत असंच राखतात. आपल्याकडे अशा बागेत घोळ, तांदुळजा, कुर्डू, पाथरी, दुधी सगळे गुण्यागोविंदानं असतात. निंदायला आलेल्या बाया घरी जाताना कुर्डूची कोवळी पानं ओट्यात घेतात. रात्रीच्या भाजीची सोय झाली. एकदांडी तेवढी भिडस्त. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या मोसंबीची पानं कुरतडतात, आणि मोठी होऊन तीच पाखरं मध मागायला हिच्या दारी येतात. ही कुणाला नाही म्हणत नाही.

बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीची संगत मात्र वाईट. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या त्यांच्यावर पोसतात. पुढे तो पतंग रात्री मोसंबीत सोंड खुपसतो, फळ तिथून सडतं आणि गळतं. बागेजवळच्या या वेली काढा, असं कृषितज्ज्ञ सांगतात ते बरोबरच आहे. पण दोन वेलींपायी अख्खा बांध पेटवणारे भेटतात, तेव्हा जीव तुटतो. त्यात आघाडा जळतो, रिंगणी जळते, गोखरू जळतो. पतंग दुसऱ्याच्या बांधावरून येतोच.

या सगळ्या तणांचा रागलोभ पाण्यावर. आंबे बहारासाठी पाणी तोडून झाडं ताणावर सोडली की तणही गप्प बसतात. पाणी सुटताच ठिबकच्या नळीखाली हिरवी रेघ आधी उमटते, मोसंबीला फूल मागाहून. 2012च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, झाडं तोडून सरपणाला गेली. पुढच्या पावसात त्या उघड्या रानावर सावली धरायला हेच खटलं आलं, कुणी न बोलावता.

भेटायचं तर श्रावणात जा, आणि सकाळी लवकर. उशीर झाला तर केना भेट देत नाही.