पिपरमिंटचा चहा

सेला खिंड ओलांडताना माझ्या खिशाला भोक पडलंय की काय असं मला वाटलं होतं. जर्सीच्या आतल्या बाजूला काहीतरी चिकट, गार ओघळत होतं. जिप्सी थांबवून पाहिलं तर वेपची टाकी निम्मी रिकामी आणि उरलेला आंबा शर्टावर. खाली तेजपूरला टाकी भरून निघालो होतो आणि इथे तेरा हजार फुटांच्या वर आलो होतो. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला, टाकीतली बंद हवा फुगली आणि तिने द्रव कापसातून खाली ढकलून दिला. वर चढताना टाकी रिकामी ठेवायची, हा धडा मी २०१८ च्या त्या हिवाळ्यात शर्टावर लिहून घेतला.

आधी खुलासा करतो, नाहीतर जुने फौजी विचारतील. हा लेख कृती म्हणून वाचू नये. आज आपल्या देशात हे यंत्र बनवणं, विकणं, आणणं, साठवणं सगळंच बेकायदा आहे. तेव्हा नव्हतं, म्हणजे सगळीकडे नव्हतं; काही राज्यांनी आधीच बंदी घातली होती. मी ते २०१७ मध्ये दिल्लीत घेतलं. १९९६ साली खडकवासल्याला गेलो तेव्हा सिगारेट ओढत नव्हतो, बाहेर पडलो तेव्हा ओढत होतो. मधल्या वीस वर्षांत तीनदा सोडली आणि तीनदा धरली. चौथ्यांदा सोडली ती या नळीच्या जोरावर. निदान मी तसं सांगत असे.

आमची तोफखान्याची रेजिमेंट, मी टूआयसी. जागेचं नाव सांगत नाही, सेलाच्या पलीकडे एवढं पुरे. संध्याकाळी चारला अंधार, बुखारीभोवती माणसं आणि करायला काही नाही. अशा वेळी मी ती टाकी उघडून बसायचो.

चव बदलायची तर टाकी धुवावी लागते, हे ज्याने वापरलंय त्याला सांगायला नको. पुदिन्यानंतर तशीच कॉफी भरली तर दोन दिवस टूथपेस्ट खाऊन कॉफी प्यायल्यासारखं लागतं. मेन्थॉल आणि दालचिनी या दोन चवी तर अगदी सासुरवाडीच्या पाहुण्यांसारख्या, निघता निघत नाहीत. पहिल्यांदा बॅटरी वेगळी करायची. मग उरलेला द्रव टिपून घ्यायचा आणि टाकीचा सांधा न् सांधा सोडवायचा: तोंडाचं टोक, वरचं झाकण, काच, खालचा पाया, हवेची कडी. कोमट पाणी घ्यायचं. उकळतं नाही, काच तडकते. रबराच्या बारीक कड्या नखाने उचलून वेगळ्या धुवायच्या, कारण खरा वास तिथेच मुरलेला असतो. फारच हट्टी वास असेल तर व्होडकात भिजवायच्या. एकदा मी रम वापरून पाहिली. रमने वास गेला नाही, वर रमचाच वास आला.

कॉइल मात्र धुण्यात अर्थ नसतो. तिच्यात कापूस असतो आणि कापसाने जे प्यायलं ते तो पूर्ण सोडत नाही. गोड चवींनी तर तारेवर काळी साय धरते. चव बदलायची तर कॉइल नवी घालायची, तिच्या कापसावर चार थेंब टाकायचे, टाकी भरायची आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. या दहा मिनिटांचा धीर नसेल तर कोरडा कापूस जळतो आणि घशात असा ठसका बसतो की आठवड्याचा शहाणपणा येतो. थंडीत दहाची वीस करावी लागत, कारण ग्लिसरिन घट्ट होतं आणि कापसात लवकर झिरपत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाळवणं. पाण्याचा एक थेंब राहिला तरी नळी गुळण्या केल्यासारखी वाजते आणि गरम शिंतोडे जिभेवर येतात.

हे सगळं मी इतकं मन लावून करायचो की आता हसू येतं. आम्हाला साफसफाईचं वेड अकादमीपासूनच लावलं जातं. रायफलीत फुलथ्रू ओढायचा, चिंदी पांढरी निघेपर्यंत ओढायचा, मग नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. तोफेची नळी साफ करायला तर लांब दांडीच्या ब्रशाला जवानांची रांग लागते. फायरिंगनंतर एकदा साफ करून भागत नाही. लागोपाठ काही दिवस करावी लागते, कारण आज स्वच्छ दिसलेली नळी उद्या पुन्हा काळी चिंदी देते. मी ती बोटाएवढी काचेची टाकीसुद्धा बुखारीच्या उजेडाकडे धरून तपासायचो.

सुट्टीवर घरी गेलो तेव्हा आईने हे पाहिलं. तिला ते अत्तराचं काहीतरी वाटलं असावं. तिच्याकडे लोणच्याच्या बरण्यांचा कायदा आहे: गरम पाण्याने धुवायची, दोन दिवस कडक उन्हात उपडी ठेवायची, निखाऱ्यावर हिंग टाकून आत धुरी कोंडायची आणि मगच कैरी. पण कैरीच्या बरणीत लिंबू ती कधीच घालत नाही. एवढं धुतल्यावर का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "वेगळं घालायचं तर वेगळी बरणी घ्यावी की." मी चव बदलत राहिलो. आंबा, पुदिना, कॉफी, परत आंबा. प्रत्येक वेळी टाकी चकचकीत झाली की मला काहीतरी नवं सुरू केल्यासारखं वाटायचं. बाटलीवर आणखी एक आकडा असे, मिलीलिटरला १२ मिलिग्रॅम निकोटिन. चव बदलली तरी तो आकडा मी वर्षभर बदलला नव्हता.

आता त्या संध्याकाळबद्दल.

पुदिना संपवून कॉफी भरायची होती. सगळे भाग सोडवून मी त्यांना तामचिनीच्या मगात कोमट पाण्यात भिजवले, पाऊण तासाने काढून टॉवेलवर मांडले. मग तसाच बुखारीजवळ राहिला, तळाशी दोन बोटं पाणी. तेवढ्यात सीओसाहेबांचा फोन आला म्हणून मी दुसऱ्या बंकरमध्ये गेलो. परत आलो तर माझ्या खुर्चीसमोर आमचे सुभेदारसाहेब बसलेले. गढवालचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे, सत्तावीस वर्षं नोकरी झालेली. हातात तोच मग. माझा सहायक, दरभंग्याकडचा विशीतला पोरगा, त्याने साहेब आले म्हणून हाताशी होता तो मग ओतून दिला, वरवर विसळला आणि चहा भरला. पाणी जपून वापरायचं हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

सुभेदारसाहेब घोट घेऊन म्हणाले, "साहब, आज चाय में पिपरमिंट डाला है क्या?"

मी मग त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावला. बाहेर बर्फात फेकला. टाकीत साधारण दोन मिलिलिटर मावतं. त्यातलं मगात किती उतरलं आणि विसळल्यावर किती उरलं याचा हिशेब मी त्या क्षणी करत होतो आणि तो लागत नव्हता. बहुधा नगण्य असेल. पण ते द्रव नुसतं हाताला लागलं तरी धुवावं लागतं, पोटात गेलं तर माणूस ओकतो, छाती धडधडते, जास्त गेलं तर जिवाशी गाठ. हे मला ठाऊक होतं. बंकरमध्ये दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं. नर्सिंग असिस्टंटला बोलावलं. त्याने नाडी पाहिली, बीपी पाहिलं, तासभर बसवून ठेवलं. काही झालं नाही. दोनच घोट गेले होते.

त्या तासात सुभेदारसाहेबांनी शांतपणे विचारलं, "उस में था क्या, साहब?"

"निकोटिन."

"यानी तंबाकू?"

"हां."

ते थोडा वेळ बुखारीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पर आप तो छोड़ चुके हैं न?"

त्या प्रश्नामागे एक सैनिक संमेलन होतं. चारच महिन्यांपूर्वी मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं होतं की वीस वर्षांची सवय मी सोडली, मग खैनी आणि बिडी सोडायला तुम्हाला काय हरकत आहे. त्यानंतर काही जणांनी खरंच सोडली होती. त्यांतले एक सुभेदारसाहेब. तीस वर्षांची खैनी. त्यांनी एके दिवशी पुडी आणि चुन्याची डबी लंगरच्या चुलीत टाकली आणि नंतरचे तीन आठवडे सगळ्यांवर खेकसत काढले. त्यांच्याकडे टाकी नव्हती, चव नव्हती, काही नव्हतं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. सहायकालाही बोलावून सांगितलं, त्याची चूक नाही हेही सांगितलं. तो घाबरून भिंतीला चिकटला होता. दुसऱ्या दिवशी तोफांच्या लाल रंगाने त्या मगावर जाडजूड पट्टा ओढला आणि तो माझ्या पेटीत कुलपाखाली गेला. पुढच्या संमेलनात मागचं वाक्य दुरुस्त केलं. ते सोपं गेलं नाही. पाठीमागे कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं, आणि हसायला हरकतही नव्हती.

लगेच सोडलं असं मात्र झालं नाही. १२ वरून ६ वर आलो, ६ वरून ३ वर यायला उन्हाळा उजाडला. प्रत्येक पायरीला चार-पाच दिवस डोकं जड, झोप नाही, सहायकावर विनाकारण आवाज. १८ सप्टेंबर २०१९ ला दिल्लीत वटहुकूम निघाला तेव्हा मी सिकंदराबादला होतो. मेसमध्ये टीव्हीवर अर्थमंत्री सांगत होत्या, बाजूला एक तरुण कॅप्टन म्हणत होता, सर, सिगारेट चालते आणि हे नाही, हा कुठला न्याय? त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. वाद घालायची मला इच्छा नव्हती. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, असं नंतर वाचलं. माझ्याकडे दीड बाटली होती. त्याच रात्री टाकी शेवटची सोडवली. सवयीने कड्यासुद्धा नखाने काढल्या, धुतल्या, टॉवेलवर मांडल्या आणि मग लक्षात आलं की आता भरायचं काही नाही. सकाळी सगळं पिशवीत घालून जमा करून टाकलं.

मग राहिला. लाल पट्टा अर्धा उडालाय. त्यात मी दाढीचा ब्रश ठेवतो, बायको त्याला हात लावत नाही.

सुभेदारसाहेब निवृत्त होऊन पौडीला शेती करतात. दरवर्षी २६ जानेवारीला सकाळी परेड संपायच्या आत त्यांचा फोन येतो. रामराम नाही, तब्येत नाही, थेट एकच शब्द: "पिपरमिंट?"

"बंद है, साहब," मी म्हणतो. मग ते माझ्या मुलीची चौकशी करतात.