नागावची वाडी आणि वन्संचा तलाव

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुटीत चार दिवस कुठं जावं, हा प्रश्न तुमच्याही घरी पडत असेलच. यंदा आमचं उत्तर तयार होतं. “वाडीत पोहण्याचा तलाव बांधलाय, बघायला या,” असा नागावहून वन्संचा निरोप आला होता.

गेटवेहून लाँचनं मांडवा, तिथून लाँचच्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस आणि पुढं रिक्षानं अक्षीवरून नागाव. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, मधून समुद्राचा वारा. आणि चार घरांआड एक पाटी : ‘राहण्याची व जेवणाची सोय’, खाली ‘पोहण्याचा तलाव’!

पूर्वी इथं पोहणं म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत उडी. मग आता तलाव कशाला? मी विचारलंच. वन्सं म्हणाल्या, “अगं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सकाळी उभी असलेली वाडी संध्याकाळी आडवी! नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं. तोवर खायचं काय? दोन खोल्या पाहुण्यांना देऊ लागलो. पण मुंबईची माणसं फोनवर पहिलं विचारतात, तलाव आहे का?”

त्यासाठी वन्संनी पाटल्या गहाण ठेवल्या. पहिला कंत्राटदार निवडला तो सर्वांत स्वस्त म्हणून. त्यानं जागेवर एक चक्कर मारली, कागदाच्या कपट्यावर एक आकडा लिहिला आणि पाऊण रक्कम आधीच उचलली. सहा महिन्यांत तलाव गळू लागला. ऐन श्रावणात त्यानं तो रिकामा करून दुरुस्तीला घेतला. नागाव समुद्राकाठचं, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी अगदी वर येतं. त्या पाण्यानं रिकामा तलाव खालून उचलला आणि तळ तडकला. आतल्या पाण्याचं वजनच तलावाला खाली दाबून धरतं, हे त्या गृहस्थाच्या गावीही नव्हतं!

दुसरा माणूस आला तो आधी विहिरीपाशी गेला. “पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं? उन्हाळ्यात खारट होतं का?” हे त्याचे पहिले प्रश्न. भाव त्यानं आठ दिवसांनी, तपशिलासह लेखी दिला. बायांनो, माणूस पारखायची खूण हीच. जो आपल्या जमिनीची, पाण्याची चौकशी करतो, त्याच्याशीच पुढचं बोलावं.

वन्संकडून शिकलेल्या आणखी काही गोष्टी सांगते. त्यानं चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेले दोन तलाव तरी पाहून यावेत, आणि विचारायचं ते त्या घरच्या बाईला. पाणी गढुळलं की कुणाला बोलवावं लागतं आणि तो येतो का, हे तीच खरं सांगेल. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल तलावात साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो वजन. तेव्हा सळई किती, काँक्रीटची जाडी किती, जमिनीतल्या पाण्याचा दाब सोडायची झडप कुठं, हे कागदावर हवंच. पाणी ओढणारी तोंडं दोन असावीत आणि त्यांवर पक्क्या जाळ्या, म्हणजे एकाच तोंडाशी पोरांचे केस किंवा हात ओढले जात नाहीत. भोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं. त्यात काटकसर नको!

गळतीची परीक्षा तर आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी इतकी सोपी. भरलेली बादली तलावाच्या पायरीवर पाण्यात ठेवायची. बादलीतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खुणा करायच्या, पंप बंद ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते उन्हानं. बाहेर जास्त उतरलं तर तलाव गळतोय. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यावेत. वन्संनी शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहूनच दिला.

निघायच्या दिवशी मुलं पाण्यातून बाहेर येईनात. वन्सं काठावर बसून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. मागं नव्यानं लावलेल्या पोफळी चांगल्या पुरुषभर उंच झाल्या होत्या. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. एका हातात पाटली होती. त्या हसून म्हणाल्या, “एक सुटली. दुसरी मे महिन्याच्या पाहुण्यांवर!”