मातीचं पाखरू

मुलांनो, हुपरीला कधी आला आहात का? नसाल, तर आधी पत्ता सांगते. कोल्हापूर जिल्हा, हातकणंगले तालुका. कोल्हापूर शहरापासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. एस.टी.तून उतरून गल्लीत शिरलात, की डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात. टक्, टक्, टक्... घराघरांतून हातोडीचा बारीक ठोका ऐकू येतो. कारण हुपरी म्हणजे रौप्यनगरी, चांदीचं गाव! तुमच्या ताईच्या पायांतले पैंजण कदाचित इथल्याच एखाद्या ओसरीवर जोडले गेले असतील.

एकच पैंजण, पण ते किती हातांतून जातं, बघा. एका घरी मुशीत चांदी वितळते. दुसरीकडे तिची तार ओढतात. तिसऱ्या घरी त्या तारेच्या कड्या होतात आणि एकेक कडी झाळून साखळी बनते. मग घुंगरू बसतात, शेवटी पॉलिश. बायाबापड्यासुद्धा घरचं आवरून दुपारी कड्या जोडायला बसतात. जमिनीवरचा केरही कुणी फेकत नाही. त्यातही चांदीचे कण असतात ना! असा केर धुऊन धातू काढणाऱ्याला आपल्याकडे झारेकरी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झाळ देताना कारागिराचा हात आणि नजर एकाच ठिकाणी असतात. पण कडी बिचारी जागेवर स्थिर असते. नेम धरायची वस्तू पळत असली तर? ते बघायला गावाबाहेर शिवारात जायला हवं.

हुपरीच्या शिवारात ऊसच ऊस. मधेच कुठे शाळूचा पट्टा लागतो. कणसं भरली की पाखरांचे थवे उतरतात. पूर्वी अशा रानात माळा बांधून, त्यावर उभं राहून, गोफण फिरवत पाखरं राखायचे. गोफणीचा फटाका वाजला की थवा भुर्र! मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. राखणदाराला पाखरू मारायचं नसायचं, नुसतं हाकलायचं असायचं.

आमच्या वर्गातल्या एका पोराच्या दप्तरात मात्र मला एकदा बेचकी सापडली. सोबत गुळगुळीत खडे. बाकीची पोरं ओरडली, "बाई, ह्यानं काल बुलबुल पाडला!" तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला मारायचं नव्हतं. नेम लागतोय का, तेवढंच बघायचं होतं."

मी त्याला रागावले, बेचकीही काढून घेतली. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. उडत्या गोष्टीवर नेम साधायची हौस खरी होती. त्या हौसेपायी बुलबुल गेला, तेही खरं होतं. मग मी वर्गाला एका खेळाची गोष्ट सांगितली. आज तुम्हालाही सांगते.

त्या पोराला पडलेला पेच एकेकाळी मोठमोठ्या नेमबाजांनाही पडला होता. १९०० साली पॅरिसमध्ये ऑलिम्पिकच्या वेळी चक्क जिवंत कबुतरांवर गोळ्या झाडण्याची स्पर्धा झाली. शेकडो कबुतरं मेली. ऑलिम्पिकमध्ये असला प्रकार पुन्हा कधी झाला नाही.

खरं तर कबुतराला पर्याय त्याच्या आधीच निघाला होता. काही दिवस काचेचे गोळे उडवून बघितले, पण मैदानभर काचा! मग १८८० साली अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची बशी काढली. पाण्यावर चपट्या शिंपल्या भिरकावणाऱ्या मुलांना बघून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. पंचगंगेच्या काठी तुम्हीही चपटी खापरी भिरकावता आणि ती टप्पे घेत पळते. तसंच हे! या बशीला नेमबाज आजही 'मातीचं कबूतर'च म्हणतात. आता मात्र ती मातीची नसते. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि चुनखडीची पूड मिसळून ती बनवतात. रुंदी ११ सेंटिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. छरा लागला की फट्‌दिशी फुटते.

या बशीवरच्या एका खेळाचं नाव आहे स्कीट. त्याचा जन्म मजेशीर आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस आणि त्यांचे सोबती घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल जागा बदलत बशा फोडायचे. तेवढ्यात शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या! छरे कोंबड्यांकडे जायला लागले, तशी मंडळींनी अर्धं वर्तुळ सोडून दिलं. समोरासमोर दोन यंत्रं बसवली आणि उरलेल्या अर्ध्या वर्तुळातच खेळ बसवला. १९२६ साली एका मासिकानं या खेळाला नाव सुचवायची स्पर्धा ठेवली. मोंटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी 'स्कीट' हे नाव पाठवलं आणि १०० डॉलरचं बक्षीस मिळवलं. १९६८ सालापासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे.

हुपरीत स्कीटचं मैदान नाही. असायचंही कसं? समोर अडीचशे-तीनशे मीटर मोकळा पट्टा लागतो, कारण छरे लांब जाऊन पडतात. आमच्या इथं उसाला लागून घर आणि घराला लागून ऊस! पण मैदान नसलं, तरी ते आखायला कोण अडवतंय? आम्ही शाळेच्या पटांगणात फक्कीनं आखलं. खऱ्या मैदानाच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १९.२ मीटर असते. आम्ही पाव मापानं घेतलं. सांगा बघू किती? बरोबर, ४.८ मीटर! वर्तुळाच्या कडेनं सात जागा आणि मधोमध आठवी. दोन टोकांना दोन 'घरं'. डावीकडच्या उंच घरातून बशी सुमारे ३ मीटर उंचीवरून सुटते. उजवीकडच्या बुटक्या घरातून ती जेमतेम १ मीटरवरून निघते. आमची उंच घरातली बशी म्हणजे वऱ्हांड्याच्या कट्ट्यावरून भिरकावलेलं प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण. आणि बंदूक? चिंध्यांचा चेंडू!

आता खऱ्या मैदानावर नवशिक्याला काय शिकवतात, ते ऐका. पहिला धडा नेमाचा नसतोच. तो असतो शिस्तीचा. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारे बोळे किंवा टोप. आपली पाळी येईपर्यंत बंदूक रिकामी आणि उघडी. नळीचं तोंड कधीही माणसाकडे नाही. यात जो चुकला त्याला मैदानाबाहेर काढतात, मग तो कितीही मोठा नेमबाज असो.

दुसरा धडा डोळ्यांचा. जसा आपला एक हात जास्त चालतो, तसा एक डोळाही वरचढ असतो. आत्ताच करून बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसं भोक ठेवा आणि त्यातून दोन्ही डोळ्यांनी लांबचा दिवा बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो, तो तुमचा नेमाचा डोळा.

तिसरा धडा उभं राहण्याचा. पुढच्या पायावर थोडा भार, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल दस्त्याला टेकलेला. वळायचं ते नुसत्या हातांनी नाही, कंबरेपासून. नवशिक्याला बहुतेक वेळा सातव्या जागेवर उभं करतात. तिथं बुटक्या घरातली बशी त्याच्या जवळून निघून सरळ पुढे जाते, म्हणून ती सोपी. खरी परीक्षा मधल्या चौथ्या जागेवर होते. तिथं बशी डोळ्यांसमोरून आडवी पळते.

आमच्या पोरांची गंमत इथंच झाली. झाकण उडालं की सगळे चेंडू त्याच्या मागून! पहिल्या फेरीत एकालाही ते लागलं नाही. बेचकीवाला तर चिडलाच. "बाई, मी बरोबर झाकणावरच टाकलावता की!" तिथंच तर चूक होती. मग फळ्यावर गणित मांडलं. समजा, बशी सेकंदाला २० मीटर जाते. छरे तिच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात बशी किती पुढे गेली? १ मीटर! म्हणजे बशी आत्ता जिथं आहे तिथं नाही, पोचणार आहे तिथं नेम हवा. आणखी एक गोष्ट. चाप ओढला की नवशिक्या हात थांबवतो आणि बशी निसटते. छरे सुटल्यावरही बंदूक त्याच वेगानं फिरत राहिली पाहिजे.

हे कळल्यावर दुसऱ्या फेरीत बेचकीवाल्यानं तीन झाकणं पाडली. त्याची बेचकी आजही माझ्या कपाटात आहे. अजून तरी तो मागायला आलेला नाही.

मोठ्यांच्या स्पर्धेत एका फेरीत २५ बशा असतात. हाक दिल्यावर बशी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटेल, आणि तोवर दस्ता खांद्याला लावायचा नाही! १९९२ साली बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये चीनच्या झांग शान हिनं पहिल्या २०० पैकी २०० बशा फोडल्या आणि सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा या खेळात स्त्री-पुरुष एकत्रच उतरत. म्हणजे तिनं पुरुषांनाही हरवलं. मुलींनो, पुढची गोष्ट ऐकून राग येईल. १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना स्कीट खेळूच दिलं नाही. त्यांची वेगळी स्पर्धा २००० साली सुरू झाली.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडीची स्कीट स्पर्धा आली. आपल्या महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांनी ५ ऑगस्टला कांस्यपदकासाठी चीनशी झुंज दिली. निकाल ४४ विरुद्ध ४३. एका बशीनं पदक हुकलं!

पण त्याच मैदानाच्या परिसरात चारच दिवस आधी, १ ऑगस्टला, आपल्या जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला होता. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तीही कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी राही सरनोबतही इथलीच. या तिघांचे खेळ रायफल-पिस्तुलाचे, स्थिर लक्ष्याचे. उडत्या बशीचा खेळाडू कोल्हापूरकडून यायचा आहे, असं मी वर्गात म्हटलं, तर चार हात वर झाले!

जिल्ह्यातच आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल ही एकेकाळी राजेलोकांच्या शिकारीची जागा होती. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं. ज्या रानात जनावरांवर बंदुका रोखल्या जात, त्याच तालुक्यातला मुलगा कागदाच्या लक्ष्यावर नेम धरून ऑलिम्पिकला गेला.

आता तो झारेकरी आठवा. बशीमुळे पाखरू वाचलं, पण छरे शिशाचे असतात. ते मातीत साठले तर विषच. म्हणून अनेक ठिकाणी मैदानावरची माती चाळून शिसं परत काढतात. हुपरीकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही!

सुट्टीत करून बघण्यासारखा एक खेळ सांगून थांबते. रस्त्यावर नाही हं, मोकळ्या पटांगणात. एकानं जुनं टायर पळवायचं, दुसऱ्यानं त्याच्या भोकातून चिंध्यांचा चेंडू पार करायचा. दहातले किती गेले, ते वहीत लिहा. आठवड्यानं पुन्हा मोजा. छऱ्याच्या बंदुकीला मात्र हात लावायचा नाही. ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आईबाबांच्या परवानगीनं आणि योग्य वयातच. बेचकी असेल, तर तीही बाईंकडे देऊन टाका.

आणि हुपरीला जरूर या. चांदीच्या गावात आलात, म्हणून जाता जाता एक गुपित सांगते. ऑलिम्पिकच्या सुवर्णपदकात सोनं असतं अवघं सहा ग्रॅम, तेही वरून चढवलेलं. बाकी पदकात किमान साडेब्याण्णव टक्के चांदी असावी, असा नियम आहे! हे ऐकून आमच्या शेजारच्या कारागीर काकांनी झाळ देता देता मान वर केली आणि म्हणाले, "मग तेवढं चढवायचं राहिलंय म्हणायचं!"