कातळावरची रेघ

रत्नागिरीचे चित्र काढायला सांगितले की बहुतेकांचा कुंचला आपसूक समुद्राकडे वळतो. भाट्याची पुळण, मिऱ्या डोंगराची कड, मांडवीच्या बाजूचा किनारा, झावळ्यांतून पाझरणारे सायंकाळचे ऊन, हे विषय इतक्या वेळा आणि इतक्या कुशल हातांनी रंगवले गेले आहेत की पाहणाऱ्याच्या दृष्टीलाही त्यांची सवय जडून गेली आहे. प्र. अ. धोंडांसारख्या समर्थ चित्रकाराने सागर जलरंगांत असा उतरवला, की त्यांच्यामागून येणाऱ्याने त्या वाटेला जाताना क्षणभर थबकावे. त्या परंपरेचे ऋण मी कधीही नाकारणार नाही. परंतु याच मुलखाचा केवढा तरी मोठा भाग किनाऱ्यापासून वर, उन्हात तापत, उघडाबोडका पसरलेला आहे, ज्याला आम्ही सडा म्हणतो, आणि ज्याच्याकडे चित्रकारांनी फारसे वळून पाहिलेले नाही. महसुली दप्तरात पोटखराबा म्हणून ज्याची नोंद व्हायची, ज्यावर नांगर चालत नाही आणि ज्याचा सारा कोणी मागत नाही, असा तो जांभा कातळ. एका तरुण चित्रकर्तीने आपली नवी चित्रे मला दाखवली, तेव्हा त्या सर्व चित्रांत समुद्राचा एक थेंबही नव्हता. होता तो केवळ सडा.

ती सावर्ड्याला कलाशिक्षण घेऊन आपल्या गावी परतलेली. चित्रकला शिकायची म्हणजे बोट किंवा गाडी पकडून मुंबईला जायचे आणि १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेची पायरी चढायची, असा कोकणातल्या मुलांचा पूर्वीचा शिरस्ता. आता चिपळूण तालुक्यातच कलाशिक्षणाची सोय झाल्यामुळे घरच्या मातीपासून न तुटता शिकलेली एक पिढी तयार होत आहे, आणि तिच्या हातून काही निराळे घडेल अशी मला मनापासून आशा वाटते. मुंबई माणसाला पुष्कळ देते, पण पाहायला काय घ्यावे हेही तीच ठरवू लागते.

चित्रांच्या आधी तिने मला रंग दाखवले. पडवीत ओळीने मांडलेल्या करवंट्यांमध्ये पिवळसर, नारिंगी, विटकरी, काळपट तांबडा आणि जांभळ्याकडे झुकणारा असे रंग होते, आणि ते सर्व एकाच चिरेखाणीतून आलेले होते. चिरे कापताना जी भुकटी उडून पडते, ती ही मुलगी पिशवीत भरून आणते, खलात घोटते, मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ढवळते, जड वाळू तळाशी बसली की वरचे रंगीत पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेते, आणि हा क्रम पुनःपुन्हा करीत शेवटी जो लोण्यासारखा गाळ उरतो तो उन्हात वाळवून बाभळीच्या डिंकात कालवते. यातली पिवळी माती लोखंडी तव्यावर भाजली की माझ्या डोळ्यांदेखत तांबडी झाली. "पिवळीतलं पाणी उडालं काका, की तीच लाल होते," असे ती म्हणाली, आणि लोहाच्या त्या रूपांतराचे शास्त्रही तिने मला सविस्तर समजावून दिले. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि वाऱ्याउन्हात राहून घट्ट होत जाणारा हा पाषाण कोकणातल्या घरांच्या भिंतींना चिरा पुरवीत आला आहे. त्यानेच आता चित्राला रंगही पुरवावा, हे मला मोठे न्याय्य वाटले.

प्रेरणा कुठली, असे मी विचारले, तेव्हा ती मला सड्यावरच घेऊन गेली.

रत्नागिरी, राजापूर, लांजे, संगमेश्वर या तालुक्यांतल्या सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेल्या आकृती, ज्यांना आता सर्वत्र कातळशिल्पे म्हणतात, गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या; परंतु त्यांचा पद्धतशीर शोध सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वाड्यावाड्यांतून पायपीट करून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून घेतला, आणि त्यातून शेकडो आकृतींचा तपशील जगापुढे आला. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली जी नऊ स्थळे दाखल झाली, त्यांतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. देवाच्या गोठण्याला कोरलेल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राचा काटा भलतीच दिशा दाखवतो. बारसूला एक माणूस दोन वाघांच्या मध्ये उभा आहे. आणि आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा पाकट, मुशी, कासव आणि मोर यांच्या बरोबरीने या पाषाणावर वावरतो आहे. शेतीची खूण मात्र कोठेही नाही, आणि म्हणूनच ही रेखाटने नांगराच्याही आधीच्या, शिकार करून आणि मासे धरून जगणाऱ्या माणसांची असावीत, असे अभ्यासक मानतात.

आम्ही कशेळीच्या हत्तीपाशी उभे राहिलो. उभे राहिलो म्हणणेही पुरते खरे नव्हे, कारण सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशा त्या गजाकृतीच्या काठाशी आलो तरी दृष्टीला हत्ती गवसतच नाही. पायाशी एक खाच येते. तिच्या कडेने चालू लागावे तर ती वळण घेते, मध्येच दुसरी रेषा तिला छेदते, त्या विशाल देहाच्या आत पुन्हा कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेले दिसतात, आणि ती गजमर्यादा पुरी चालून झाल्यावर मनातल्या मनात जुळवावी तेव्हा कोठे सोंड, पाठ, पाय यांचा अन्वय लागतो. आज यंत्र आकाशात चढवून त्याचे छायाचित्र घेता येते. परंतु ज्याने हे कोरले त्याच्यापाशी असे कोणते साधन होते? आपली कृती आपल्यालाच समग्र दिसणार नाही हे जाणून त्याने दगडावर दगड मारीत एवढा प्रपंच केला, आणि रेषा कोठेही चुकली नाही. तो हत्ती त्याच्या पावलांना पाठ असला पाहिजे.

या मुलीच्या चित्रांमध्ये मला जे मोलाचे वाटले ते नेमके येथे. तिने हत्ती काढलेला नाही, गेंडाही काढलेला नाही. प्राचीन आकृत्या उचलून कापडावर, पिशव्यांवर, भिंतींवर छापण्याचा जो सपाटा हल्ली सुरू झाला आहे, त्यात गावकऱ्यांना चार पैसे मिळत असतील तर मिळोत, पण कलावंताचे काम त्याहून अवघड आहे. तिने घेतली आहे ती चालण्याची रीत. जमिनीवर लांबच लांब कागद पसरून, त्यावर अनवाणी बसत-सरकत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ती रंगवीत जाते, आणि पुरा कागद तिला एका वेळी दिसत नाही. त्यावर येते ते सड्याचे वर्ष: वैशाखातला भाजून काळा पडलेला कातळ, पहिल्या पावसाबरोबर उमलणारी, याच कातळाची मिरास असलेली पांढरी दीपकाडी, भाद्रपदात डबक्याकाठी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, मग गवत, आणि गवत वाळल्यावर पेटलेला वणवा. एका चित्रात गुरे चारणाऱ्या बाईची नुसती पायवाट आहे. त्या पायवाटेपाशी मी फार वेळ थांबलो, कारण असे चित्र मी आजवर पाहिले नव्हते.

एका गोष्टीची चिंता मात्र तिलाही आहे आणि मलाही. ज्या चिरेखाणी तिला रंग पुरवतात त्याच खाणी सडे पोखरीत चालल्या आहेत, आणि रस्ते, बागायती, कुंपणे यांच्याखाली अजून न सापडलेली शिल्पे किती गेली असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावचा हत्ती स्वतः पुढाकार घेऊन सांभाळला, तसे प्रत्येक गावाने केले पाहिजे, आणि सरकारने खराब्याची जमीन म्हणून सड्यांकडे पाहणे सोडले पाहिजे. ती स्वतः मोडून पडलेली भुकटीच तेवढी उचलते. रंगासाठी अखंड कातळाला हत्यार लावणार नाही, असा तिचा निर्धार आहे.

ही चित्रे मुंबईला जातील, आणि जावीतही. पण त्यांचे पहिले प्रदर्शन तिच्या गावच्या प्राथमिक शाळेत पौष महिन्यात भरवायचे, असे आमचे ठरले आहे. भातकापणी आटोपलेली असते आणि आंब्याची धांदल सुरू व्हायला अवकाश असतो, तेव्हा माणसे सवडीने येतील. चित्रे भिंतीला न टांगता शाळेच्या जमिनीवरच अंथरायची, असा तिचा आग्रह आहे. सभोवार दोन माणसांना बरोबरीने चालता येईल एवढी जागा सोडावी, ही माझी एक सूचना तिने मान्य केली, आणि त्यासाठी बाके बाहेर काढण्याची परवानगी शाळेकडून मिळालीही आहे.